समोरच्या खुर्चीचं जेवण

अलकनंदाच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. तिथूनच सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं.

२०१० च्या एक जानेवारीला, सकाळी, चहा गाळता गाळता ती गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. दहाव्या दिवशी आम्ही यमुनेवर गेलो. मी, मुलगी सृष्टी आणि मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतली चार मराठी माणसं. धुक्यात नदी दिसत नव्हती, नुसता वास येत होता. गुरुजींनी पिंड मांडला आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो.

कावळे होते. समोरच्या भिंतीवर पाच-सहा बसले होते. त्यातला एकही खाली उतरला नाही.

गुरुजी म्हणाले, मनात काहीतरी राहिलंय त्यांच्या, बोला. मी बोललो. पुण्यात घर घेईन म्हटलं, तिला फार वाटायचं. सृष्टीच्या लग्नाचं बघीन. तिच्या भावाशी मी सात वर्षं बोलत नव्हतो, त्याला फोन करीन म्हटलं. प्रत्येक वेळी हात जोडून दोन पावलं मागे यायचो. कावळे बघत बसले होते. सृष्टी दिल्लीत वाढलेली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिने हळूच विचारलं, "बाबा, आपण थांबलोय कशासाठी?" मी पुन्हा हात जोडले.

तासाभराने गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. शास्त्रात तशी सोय आहे म्हणाले. सोय झाली, आम्ही घरी आलो.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. चौतीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. तिच्या सगळ्या सवयी मला पाठ होत्या. चप्पल काढताना ती आधी डावी काढायची. जेवताना नको असलं की ‘पुरे’ म्हणायची नाही, डावा हात ताटावर आडवा धरायची, अंगठा आत दुमडून. मी तिला ट्रॅफिक पोलीस म्हणायचो. एवढं सगळं माहीत, आणि हिला काय हवं होतं, ते मात्र माहीत नाही. भावाला फोन केला. पुण्यात घरं बघून आलो. रात्री झोपताना वाटायचं, हे नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं आणि जानेवारीच्या अखेरीस विनया घरी आली. ही अलकनंदाच्या ऑफिसातली, पुण्याची मुलगी. अलकनंदा १९९६ पासून गुडगावला एका जपानी कंपनीत होती, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या. लागली तेव्हा तिथे ऑफिसच्या काचेतून मोहरीची शेतं दिसायची म्हणे. चार्टर्ड बसने जायला दीड तास, यायला दोन. आधी टायपिंग, मग फाइलिंग, मग पाहुण्यांची व्यवस्था. जपानी माणसांशी ती काय बोलायची देव जाणे, पण त्यांना ती आवडायची. आता ते ऑफिस गुडगावच्या पुढे मानेसरला हलत होतं, म्हणून विनयाने तिच्या ड्रॉवरमधल्या वस्तू एका खोक्यात घालून आणल्या होत्या.

चहा पिताना मी सहज म्हटलं की शनिवारच्या ओव्हरटाइमने तिची तब्येत ढासळली असावी. विनयाने कप खाली ठेवला.

"काका, आमचं ऑफिस शनिवारी बंद असतं. बिलकुल बंद. गार्डसुद्धा आत सोडत नाही."

मी म्हटलं, महिन्यातून एकदाच असायचा. ती म्हणाली, असेल काका, मला माहीत नसेल. मग तिला घाई झाली आणि ती गेली.

खोक्यात एक शाल, दोन पेनं, गणपतीची छोटी मूर्ती आणि एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. कार्डावर गुडगावच्या एका जपानी हॉटेलचं नाव. आत दहा चौकोन, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं की शनिवारचं अनलिमिटेड शाबू-शाबू लंच, दोन व्यक्तींसाठी. नऊ चौकोनांत लाल शिक्के होते आणि शिक्क्याखाली पेनाने तारीख. ४ एप्रिल २००९ पासून ५ डिसेंबरपर्यंत. मी कॅलेंडर काढून बघितलं. प्रत्येक महिन्याचा पहिला शनिवार.

दोन व्यक्ती. त्या दोघांतली एक ती. मला जे वाटलं ते कुठल्याही नवऱ्याला वाटेल, ते लिहीत नाही. पण ४ एप्रिल ही तारीख मला आठवत होती, आणि ती आठवल्यावर तो विचार टिकेना.

त्या दिवशी तिच्याबरोबर मी जाणार होतो.

मी आदल्या वर्षी केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालो होतो. ती मात्र रोज बसने जात होती. तिने त्या हॉटेलचं किती वेळा सांगितलं होतं. टेबलावर प्रत्येकासमोर उकळत्या पाण्याचं भांडं असतं, कोबी, मशरूम, कोंबडीचे कागदासारखे पातळ काप आणून देतात, आपण चॉपस्टिकने धरून पाण्यात हलवायचं आणि तिळाच्या चटणीत बुडवून खायचं. दीड तास हवं तेवढं मागवा, फक्त पानात टाकायचं नाही. मी म्हणायचो, कच्चं आणून देणार आणि आपणच शिजवणार, तर घरी गॅस काय वाईट आहे? ती हसायची आणि म्हणायची, एकदा चला तर. ऑफिसातले सगळे जोडीने जाऊन आले.

शेवटी हो म्हटलं. तिला सकाळी साउथ एक्सच्या बाजारात काम होतं, म्हणून ती पुढे गेली, मी एक वाजता थेट पोचायचं ठरलं. मी शर्टाला इस्त्री केली. मग खुर्चीत बसलो आणि बसूनच राहिलो. तिचं हॉटेल, तिचे ओळखीचे वेटर, तिथे ती मला चॉपस्टिक धरायला शिकवणार आणि लोक बघणार. दीड वाजता घरचा फोन वाजला. तिचाच होता, दुसऱ्या कोणाचा असणार? मी उचलला नाही. पुन्हा वाजला. मी फोनकडे बघत बसलो.

संध्याकाळी ती आली. भांडली नाही. एवढंच विचारलं, "भूक लागली होती का?"

मी नाही म्हटलं आणि ते खरं होतं. ऐनवेळी लागली तर म्हणून तिने सकाळी भात-आमटी झाकून ठेवली होती, ती तशीच होती. मला दुपारी पोट भरल्यासारखं वाटत होतं. तिने ओट्याशी उभं राहून तो गार भात खाल्ला. सगळा. मी म्हटलं, दीड तास हवं तेवढं खाऊन आलीस ना? तिने रिकामं पातेलं विसळायला घेतलं.

पुढच्या महिन्यापासून तो ओव्हरटाइम सुरू झाला.

तारखा समोर ठेवून बसलो तेव्हा मला आणखी एक आठवलं. माझी औषधांची फाइल काढली. कॉलनीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, ७ सप्टेंबर २००९, सोमवार. शनिवारी भूक लागत नाही, तोंडाला तिळाची चव येते, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. कार्डावरचा सहावा शिक्का ५ सप्टेंबरचा होता.

सृष्टीला फोन केला. ती पुण्याला असते. म्हणाली, बाबा, जाऊ नका, आईचं प्रायव्हेट काही असेल, राहू द्या यार. मी म्हटलं, एक चौकोन रिकामा आहे.

५ फेब्रुवारीला, शनिवारी, निघालो. तोच इस्त्रीचा शर्ट घातला, वर कोट. आता मयूर विहारहून मेट्रो होती, राजीव चौकला बदलली की थेट गुडगाव. तिने चौदा वर्षं बसने धक्के खाल्ले आणि ती गेल्यावर आठ महिन्यांनी ही लाइन सुरू झाली. एम.जी. रोडला उतरलो. खाली मॉल, समोर मॉल, मधे धूळ आणि क्रेन.

हॉटेल एका ऑफिसच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दुपारी एकची वेळ, बरीच टेबलं भरलेली. लाकडी टेबलं, प्रत्येक खुर्चीपुढे एक छोटी शेगडी बसवलेली. वाफेने काचा धुरकट झाल्या होत्या. पहाडातली, कलिंपोंगकडची असेल अशी एक चाळिशीची बाई पुढे आली. मी तिला कार्ड दिलं.

कार्ड बघून ती हसली. "अरे, मॅडम का कार्ड. बहुत दिन हो गए. मॅडम नहीं आईं?"

मी सांगितलं की त्या गेल्या वर्षी वारल्या. तिने कार्ड छातीशी धरलं, सॉरी म्हणाली आणि विचारलं, आपण त्यांचे कोण.

मी म्हटलं, "उनका हसबंड."

ती मागे सरकली. एकच पाऊल, पण मागच्या खुर्चीला आपटली. मग आत गेली. आतून एका म्हाताऱ्या जपानी बाईला घेऊन आली, ती मालकीण. म्हातारीने आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग खाली, माझ्या पायांकडे. बराच वेळ. मला वाटलं बुटाला काही लागलंय. मीही खाली बघितलं. म्हातारी वेटर बाईला जपानीत काहीतरी म्हणाली आणि माझ्यापुढे कमरेत वाकली.

"क्या हुआ?" मी विचारलं.

वेटर बाईला अवघड वाटत होतं. "सर, बुरा मत मानना. हम तो समझे थे, आप नहीं रहे."

मग तिने मला खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं आणि जे सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं.

पहिल्या वेळी मॅडमनी दोघांचं मागवलं. नवरा येतोय म्हणाल्या. दोन्ही भांडी उकळत ठेवली. दोनदा बाहेर जाऊन फोन करून आल्या. वेळ संपत आली, आणि इथे पानात टाकता येत नाही. तेव्हा त्यांनी आधी आपलं खाल्लं, मग उठून समोरच्या खुर्चीत बसल्या आणि तिथलंही खाल्लं. पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या. पुन्हा दोघांचं. पण त्या वेळी बाहेर जाऊन फोन केला नाही. वेळही बघितली नाही. आपलं झालं की उठून समोर जाऊन बसायच्या आणि एकामागून एक प्लेट मागवायच्या. एवढीशी बाई आणि सात-आठ प्लेट. जाताना विचारलं तर म्हणायच्या, मी उपाशीच आहे ग, घरी जाऊन जेवीन.

"मालकिन बोलीं, हमारे यहाँ भी ऐसा करते हैं," ती म्हणाली. दूर गेलेल्या माणसाचं पान घरी मांडतात. जिवंत असला तरी, नसला तरी. त्यांना वाटलं, मॅडमचा नवरा हयात नसावा. म्हणून मालकिणीने माझे पाय बघितले, त्यांच्याकडे भुताला पाय नसतात.

मी दोन्ही खुर्च्यांकडे बघितलं. "मेरी कुर्सी कौन सी?"

तिने भिंतीकडची दाखवली. मी अंगावरचा कोट काढून त्या खुर्चीच्या पाठीला लावला आणि बसलो. दोघांचं मागवलं.

दोन्ही भांडी उकळायला लागली. माझ्यासमोर कोबी, मशरूम, टोफू आणि कोंबडीचे काप. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे तेच. चॉपस्टिक मला धरता येईनात तेव्हा बाईने काटा दिला. मी एकेक काप पाण्यात हलवून तिळाच्या चटणीत बुडवून खाल्ला. चांगलं होतं. ती चव मला पाठ होती.

माझं झालं. पोट भरलं. साठीनंतर माणूस खाऊन खाऊन किती खाणार? समोरचं तसंच होतं. पाणी उकळत होतं आणि प्लेटमधले काप वाफेने कडेला वळायला लागले होते. मला यमुनेवरची भिंत आठवली. मी आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हटलं, "मी आलोय."

काही झालं नाही. पलीकडच्या टेबलावर ऑफिसची पोरं हसत होती. वेटर बाई लांब उभी होती. मी पुण्याच्या घराचं बोललो, भावाला फोन केल्याचं सांगितलं. मग म्हटलं, "त्या दिवशी फोन वाजत होता, मला ऐकू येत होतं." हे मी यमुनेवर बोललो नव्हतो. कोणाजवळच बोललो नव्हतो. तरी समोरची प्लेट तशीच.

बाई जवळ आली. वीस मिनिटं राहिलीत म्हणाली. जरा घुटमळली आणि पुढे म्हणाली, "मॅडम तो उठकर सामनेवाली कुर्सी पर बैठती थीं, सर."

मी उठलो आणि अलकनंदाच्या खुर्चीत बसलो.

तिथून समोर माझी खुर्ची दिसत होती. पाठीला कोट होता, खांदे ताठ उभे, मधे वाफ. कोणीतरी मान खाली घालून बसल्यासारखं दिसत होतं. तिने आठ-नऊ महिने इथून बघितलं तेव्हा तर कोटही नव्हता.

पहिला काप तोंडात घातला तेव्हा पोट तुडुंब होतं. दुसऱ्याला जरा जागा झाल्यासारखं वाटलं. प्लेट संपेपर्यंत मला भूक लागली होती. खोटी नव्हे, सकाळपासून पोटात काही नसतं तशी. मी हात वर करायच्या आत बाईने दुसरी प्लेट आणून ठेवली. ती संपली. तिसरी संपली. जेवढं गिळत होतो तेवढं आत पोकळ होत होतं. घास घशापर्यंत कळायचा, पुढे कुठे जायचा ते कळत नव्हतं. पाचवी प्लेट. ऑफिसच्या पोरांचं हसणं थांबलं होतं, ती माझ्याकडे बघत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मला भीती वाटत होती ती वेळ संपायची. मी घाईघाईने खात होतो, जीभ भाजत होती, आणि मनात एकच होतं, की तिने घ्यावं, आज तरी घ्यावं.

सातवी प्लेट संपली. भुकेने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बाई आठवी घेऊन आली आणि ठेवायला वाकली.

माझा डावा हात उचलला गेला. मी उचलला नाही. तो चटणीच्या बाऊलवर आडवा झाला आणि तिथेच थांबला. अंगठा आत दुमडलेला होता.

मी हाताकडे बघितलं. बाईनेही बघितलं. तिने प्लेट परत घेतली आणि आतल्या दाराशी उभ्या असलेल्या म्हातारीकडे बघून मान हलवली. म्हातारी पुन्हा वाकली, पण या वेळी ती माझ्याकडे बघून वाकली नव्हती.

थोड्या वेळाने हात पुन्हा माझा झाला. शेगड्या बंद केल्या होत्या. दोन्ही भांड्यांतलं पाणी एकदम शांत झालं. बाईने दहाव्या चौकोनात शिक्का मारला, तारीख घातली आणि विचारलं, नवीन कार्ड देऊ का. मी नको म्हटलं. कोट घालताना तो आतून गरम लागला, अंगावरून आत्ताच काढल्यासारखा.

परतताना मेट्रोत उभं राहवेना. एका मुलीने उठून जागा दिली. अंकल, तबियत ठीक है ना, म्हणाली. मी म्हटलं, भूक लगी है. तिने बॅगेतलं बिस्कीट काढून दिलं, ते मी घेतलं.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. सकाळचा भात झाकून ठेवलेला होता. बूट न काढता ओट्याशी गेलो. तेवढ्यात सृष्टीचा फोन आला. दुसऱ्या रिंगला उचलला. सगळं ठीक ना, कोण होतं आईबरोबर, काय कळलं, एका दमात विचारत होती. मी म्हटलं, तुझी आई माझ्याबरोबर जेवायला जायची, नंतर सगळं सांगतो, आधी मला जेवू दे.

"जेवू दे म्हणजे? बाबा, तिथे अनलिमिटेड होतं ना?"

"होतं," मी म्हटलं आणि फोन कानाशी धरून उभ्यानेच भात खायला लागलो. गार होता. तिसऱ्या घासाला पोटात काहीतरी पडल्यासारखं वाटलं.